फुग्यातली बोली

मे महिन्याच्या सुटीत आम्ही मुंबईची मुले मालवणकडच्या आमच्या गावी जात असू. रात्री जेवणे झाली, खळ्यात वारा सुटला, पडवीत कंदील आला, की माझी बैठक भरे. बैठक म्हणजे काय, तर शेजारपाजारची आठ-दहा पोरे, दोन चुलतबहिणी, खांबाला टेकून पान कुटीत बसलेली आजी आणि मधोमध मी. माझ्या मांडीवर 'इंद्रजाल'चा एखादा अंक असे. मुंबईहून येताना मी असे पाच-सहा अंक ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली दडवून आणी. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन.

'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ साली सुरू झाली आणि १९९०पर्यंत चालली. पुढे ती मराठीतही येऊ लागली आणि ली फॉक यांचा 'फँटम' आमच्या घरात वेताळ होऊन आला. मूळ वेताळ १९३६चा, अमेरिकन वृत्तपत्रांतला. पण ते आम्हां पोरांना कोठून ठाऊक असणार? डेंकालीच्या जंगलात, कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणारा तो माणूस आमच्या लेखी अगदी शेजारचाच होता.

पण नुसते वाचून चालत नसे. चित्र सगळ्यांना दिसत नव्हते. कंदिलाचा उजेड तो केवढासा! म्हणून प्रत्येक पात्राचा मी निराळा आवाज काढी. वेताळाला मी आमच्या शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेतली भाषा दिली होती: संथ, भारदस्त, एकेक अक्षर स्वच्छ. राजकन्येला आकाशवाणीवरच्या बाईंची. आणि चोर, चाचे, दरवडेखोर, दारू पिऊन भांडणारे खलाशी हे सगळे मात्र खास मालवणीत बोलत. पोरे खदखदा हसत. मला वाटे, आपण मोठे नटच आहोत.

एका रात्री आजीने पान कुटायचे थांबवले आणि विचारले, "झिला, ह्यो वेताळ रानात रवता मां? मगे तेका पुण्याची भाषा खंयसून येता? आणि चोर तेवढे आमच्यासारखे बोलतत! सगळे चोर मालवणसूनच इले काय रे?"

पोरे पुन्हा हसली. आजी हसली नाही. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि पान उलटले. पण तो प्रश्न काही उलटला नाही. आज पन्नासाहून अधिक वर्षे झाली, तो तसाच उघडा पडला आहे.

उत्तर मला त्या वेळीही ठाऊक होते. फक्त सांगण्याजोगे नव्हते. मुंबईच्या शाळेत पहिल्याच वर्षी गुरुजींनी मला काही विचारले आणि मी उभा राहून म्हणालो, "माका ठावक नाय." सारा वर्ग हसला. गुरुजीही हसले, आणि मग त्यांनी ते वाक्य माझ्याच हेलात दोनदा म्हणून दाखवले. त्यात त्यांचा दुष्टपणा होता असे मी आज म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून मी दोन भाषा बाळगू लागलो: घरातली एक आणि शाळेतली एक. शाळेतली भाषा हुशार मुलांची, शूरांची, शहाण्यांची. उरलेल्यांची ती घरातली. वेताळ शूर, म्हणून त्याला शाळेतली भाषा, चोरांना आमची. दहा वर्षांच्या पोराने केलेली ही वाटणी होती, पण ती त्याला कोणी तरी शिकवली होती.

पुढे नोकरीच्या निमित्ताने आणि नंतर केवळ हौसेखातर मी देशोदेशींच्या चित्रकथा जमवू लागलो. तेव्हा कळले, की आजीचा प्रश्न मालवणपुरता नव्हता. सव्वाशे वर्षे जगभरचे चित्रकथाकार त्याच प्रश्नाशी झटत आले आहेत.

वाचकहो, चित्रकथेची गंमतच अशी, की ती मुकी आहे. नाटकात नट बोलतो, नभोवाणीवर आवाजच असतो. कादंबरीकाराला 'तो कोल्हापुरी ठसक्यात म्हणाला' असे एका ओळीत सांगून मोकळे होता येते. चित्रकथेत तसे सांगायला जागा नाही. पात्राच्या तोंडातून एक पांढरा फुगा निघतो, त्यात चार शब्द असतात, आणि त्या शब्दांना आवाज द्यायचा तो वाचणाऱ्याने. चित्रकाराच्या हाती उपाय एकच उरतो: अक्षरे वाकडी करायची. 'नाही'चे 'न्हाई' करायचे, 'कुठे'चे 'कुटं' करायचे, आणि वाचकाच्या कानात जो हेल आधीच साठलेला असेल तो जागा करायचा. म्हणजे फुग्यातली बोली अर्धी कागदावर असते आणि अर्धी वाचकाच्या घरात.

ही युक्ती नवी आहे असे मात्र समजू नये. आपल्या संस्कृत नाटकांत राजा आणि मंत्री संस्कृत बोलतात. बहुतेक स्त्रिया आणि विदूषक, शास्त्री-पंडितांच्या घरचा असला तरी, प्राकृत बोलतो. 'मृच्छकटिका'त तर प्राकृतांचा बाजारच भरला आहे. त्यातला राजाचा उद्दाम मेहुणा 'स'च्या जागी 'श' बोलतो आणि त्यावरूनच त्याचे नाव शकार पडले. कोण मोठा नि कोण छोटा, कोण पूज्य नि कोण हास्यास्पद, हे रंगभूमीवर पाऊल टाकताच पहिल्या वाक्याला कळावे अशी ही व्यवस्था. आणि गंमत अशी, की ज्या महाराष्ट्रीची आपली मराठी लेक, तीही त्या व्यवस्थेत राजाची भाषा नव्हे. नायिका गाऊ लागली म्हणजे तिच्या गाण्याला महाराष्ट्री लागे. सिंहासनावरून आज्ञा द्यायला ती चालत नसे. आज जिला आपण 'शुद्ध' म्हणून मिरवतो तिची आजी अशी पडवीत बसलेली होती!

चित्रकथांचा इतिहास न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांत सुरू होतो. १८९५-९६च्या सुमारास रिचर्ड औटकॉल्ट यांनी तिथल्या वृत्तपत्रांत एका गरीब वस्तीची चित्रे काढायला आरंभ केला. त्यांत टक्कल केलेला, मोठ्या कानांचा, घोळदार पिवळा सदरा घातलेला एक पोरगा असे. लोक त्याला 'पिवळा पोरगा' म्हणू लागले. तो बोले ते त्याच्या सदऱ्यावरच लिहिलेले असे, आणि ते असे गल्लीतल्या पोरांच्या उच्चाराबरहुकूम. शाळामास्तराने तांबडी शाई घेतली असती तर तो सबंध सदरा लाल झाला असता. पण ज्या चाळींत ती पोरे खरोखर राहत होती तिथे तो सदरा वाचणाऱ्यांना प्रथमच छापील कागदावर आपला आवाज ऐकू आला.

त्याच शहरात १२ डिसेंबर १८९७ रोजी 'काट्झेनयामर किड्स' ही चित्रमालिका सुरू झाली. तिचे चित्रकार रुडॉल्फ डर्क्स हे जन्माने जर्मन. लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले. व्हिल्हेल्म बुश यांच्या १८६५च्या 'माक्स आणि मॉरिट्झ' या खोडकर पोरांच्या जर्मन पुस्तकावरून त्यांना ही कल्पना मिळाली. हान्स आणि फ्रिट्झ ही दोन कार्टी, त्यांची आई, दाढीवाला कप्तान. आणि सगळ्यांची इंग्रजी अशी, की शब्द इंग्रजी पण जीभ जर्मन. आपल्याकडच्या फार्सात मराठी बोलणारा गुजराती शेठ आठवा म्हणजे जात कळेल. परंतु एक फरक होता. ही थट्टा परक्याने केलेली नव्हती. ती घरच्या मुलाने आपल्या काका-मामांची केलेली थट्टा होती. अमेरिकेत तेव्हा जर्मन कुटुंबे लाखांनी होती. रविवारी सकाळी तीही हा रंगीत कागद उघडून हसत.

मग युद्ध आले. एप्रिल १९१७मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि कालपर्यंत ज्या हेलावर देश हसत होता त्याच हेलाचा देशाला संशय येऊ लागला. मे १९१८मध्ये आयोवा राज्याच्या गव्हर्नराने फर्मान काढले, की सार्वजनिक जागी, आगगाडीत, एवढेच काय टेलिफोनवरही इंग्रजीवाचून दुसरी भाषा बोलायची नाही. ठिकठिकाणच्या शाळांतून जर्मन विषय हद्दपार झाला. आंबवलेल्या कोबीच्या जर्मन भाजीलाही 'स्वातंत्र्यकोबी' असे नवे नाव मिळाले!

या वाऱ्यात आपली दोन कार्टी कशी टिकावी? मधल्या काळात डर्क्स यांचे मालकाशी बिनसले होते. खटला होऊन असा निकाल लागला, की मालिकेचे नाव जुन्या मालकाकडे राहावे आणि पात्रे दुसरीकडे काढायची मोकळीक डर्क्स यांना असावी. त्यामुळे तीच पात्रे दोन वृत्तपत्रांत दोन नावांनी नांदत होती. १९१८ साली दोन्हीकडे बारसे करावे लागले. डर्क्स यांची मालिका 'कप्तान आणि पोरे' झाली. दुसरीने आपले जर्मन नाव टाकून 'खोडकर पोरे' अशा अर्थाचे नाव घेतले, हान्स-फ्रिट्झची नावे बदलली, आणि ही मंडळी मुळी जर्मन नव्हतच, डच आहेत, असे वाचकांना सांगण्यात आले. १९२०मध्ये वारा पडल्यावर या दुसरीला तिचे मूळ नाव परत मिळाले. पण डर्क्स आपल्या जुन्या नावाकडे वळले नाहीत. त्यांची मालिका शेवटपर्यंत 'कप्तान आणि पोरे'च राहिली.

हे वाचताना मला वर्गात उभा राहिलेला मी आठवलो. माणूस आपले नाव बदलू शकतो, गाव बदलू शकतो. तोंड उघडले की मात्र पकडला जातो. म्हणून बोलीवर हसणे ही कधीच नुसती गंमत नसते. ज्यावर आज हसतात त्यावर उद्या पहारा बसतो.

आणि काही माणसे तर पकडले जाण्याच्या धास्तीतच आयुष्य काढतात. जॉर्ज हेरिमन हे असे एक चित्रकार. त्यांची 'क्रेझी कॅट' ही मालिका १९१३पासून त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४४पर्यंत, चालली. कथा पाहाल तर एवढीच: मांजराचे प्रेम उंदरावर, उंदीर मांजराच्या डोक्यात वीट घालतो, ती वीट म्हणजे मांजराला प्रेमाची खूण वाटते, आणि मांजरावर मनातून जीव असलेला कुत्रा-पोलीस उंदराला तुरुंगात टाकतो. तीस वर्षे हेच. पण ते मांजर बोलते काय! त्याच्या बोलण्यात न्यूयॉर्कची गल्ली आहे, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचा हेल आहे, स्पॅनिश आहे, दक्षिणेकडची लय आहे आणि मधूनच जुन्या नाटकातली भारदस्त इंग्रजी. हे मांजर कुठल्या गावचे, हे कोणालाच सांगता येत नाही. ते नर की मादी, हेही हेरिमन यांनी कधी पक्के होऊ दिले नाही.

हेरिमन यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १९७१मध्ये, त्यांची जन्माची नोंद एका अभ्यासकाच्या हाती लागली. १८८० साली न्यू ऑर्लिन्स शहरात जन्मलेल्या या मुलाच्या नावापुढे वंशाच्या रकान्यात कृष्णवर्णीय असे लिहिले होते. कुटुंब मिश्र वंशाचे. मूल दहाएक वर्षांचे असताना ते पश्चिमेला लॉस एंजेलिसला गेले आणि तिथे गोरे म्हणून राहिले. सहकारी त्यांना 'ग्रीक' म्हणत. छायाचित्रांत त्यांच्या डोक्यावर बहुधा हॅट असते. कुरळे केस झाकण्यासाठी, असे पुढे लोक म्हणाले. मृत्यूच्या दाखल्यावरही ते गोरेच आहेत. त्या काळच्या अमेरिकेत खरी नोंद उघड झाली असती तर गोऱ्यांच्या वृत्तपत्रातली त्यांची जागा टिकली असती का, याचा ज्याने त्याने विचार करावा. मला एवढेच दिसते, की ज्या माणसाला आपले मूळ उच्चारायची सोय नव्हती त्याने असे एक मांजर काढले, ज्याला सगळ्या बोली एकदम बोलता येतात आणि तू कुठले, असे ज्याला कोणी विचारीत नाही.

ज्यांना लपायची सोय नव्हती त्यांचे काय झाले, तेही सांगायला हवे. आपल्या ओळखीच्या मँड्रेकचा सोबती लोथार घ्या. १९३४ साली मालिका सुरू झाली तेव्हा लोथार हा आफ्रिकेतल्या टोळ्यांचा राजपुत्र असूनही बिबट्याचे कातडे पांघरून हिंडे आणि मोडकीतोडकी इंग्रजी बोले. मँड्रेक डोक्याने लढणार, लोथार दंडाने. आणि त्याच्याजवळ डोके नाही हे कळावे म्हणून त्याच्या वाक्यातली क्रियापदे काढून घेतलेली. १९६५मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स हे नवे चित्रकार आले आणि लोथार एकाएकी नीट बोलू लागला. कपडेही माणसासारखे घालू लागला. तीस वर्षांत त्याची बुद्धी वाढली नव्हती. वाढली ती दुसऱ्यांची.

त्याहून मला भावलेली हकीगत शाळकरी मुलांची आहे. 'कॅप्टन मार्व्हल'च्या चित्रकथांत स्टीमबोट नावाचा एक कृष्णवर्णीय नोकर होता. जाड ओठ, भेदरट स्वभाव आणि हसण्यासाठीच वाकडी केलेली भाषा. न्यूयॉर्कमधल्या मुलांचे एक शिष्टमंडळ प्रकाशकांकडे गेले आणि म्हणाले, की हा आमच्यातला कोणी नव्हे, पण तुमचे लाखो वाचक आम्हांला असेच समजतील. १९४५मध्ये स्टीमबोट बंद झाला. त्या पोरांचे वय माझ्या पडवीतल्या वयापेक्षा फार मोठे नव्हते. आजीने मला जे विचारले तेच त्यांनी प्रकाशकाला विचारले होते.

तर मग काय, चित्रकथेत बोली आणूच नये? सगळ्या फुग्यांत एकच इस्त्री केलेली भाषा भरावी? कोणी तसे म्हणेल. पण स्कॉटलंडमधली घरे तसे म्हणणार नाहीत. ८ मार्च १९३६ रोजी तिथल्या 'संडे पोस्ट' या वृत्तपत्रात दोन मालिका एकाच दिवशी सुरू झाल्या. एक 'ऊर वुली', म्हणजे आमचा वुली. उलट्या बादलीवर बसणारा राठ केसांचा पोरगा. दुसरी 'द ब्रून्स', एका चाळीतले भलेमोठे कुटुंब. चित्रे डडली वॉटकिन्स यांची, जे स्वतः इंग्लंडात वाढलेले. पण दोन्हींतली माणसे बोलतात ती स्कॉटलंडची घरगुती बोली. इथे नायकही बोलीत, आजोबाही बोलीत, पोलीसही बोलीत. मग हसायचे कोणाच्या बोलीला? हसू येते ते प्रसंगाला. पुढे दोघांची वार्षिके निघू लागली, पुष्कळ वर्षे एका वर्षी याचे, दुसऱ्या वर्षी त्याचे, आणि नाताळात ती घरोघर भेट म्हणून जात. आपल्या घरी दिवाळी अंक येतो तसाच थाट. आजोबांनी मोठ्याने वाचावे आणि नातवंडांनी ऐकावे, असा हा दुर्मिळ छापील कागद, ज्यात आजोबांचा उच्चार चुकीचा ठरत नव्हता.

सगळ्यांत मौज मात्र बेल्जमच्या एर्जे यांची. टिनटिनचे जनक ते हेच. त्यांच्या हातून दोन्ही गोष्टी घडल्या. १९३०-३१ साली तरुण वयात त्यांनी टिनटिनला काँगोला पाठवले आणि तिथल्या लोकांच्या तोंडी मोडकी फ्रेंच घातली. ते आपल्या भोवतालच्या समाजाचे पूर्वग्रह होते, हे पुढे त्यांनीच कबूल केले. पण काही वर्षांनी त्यांना दक्षिण अमेरिकेतल्या एका काल्पनिक जमातीसाठी भाषा हवी होती, आणि त्यानंतर सिल्डाव्हिया नावाच्या काल्पनिक राज्यासाठी. या वेळी त्यांनी मोडतोड केली नाही. ब्रुसेल्समध्ये मारोल नावाची कष्टकऱ्यांची जुनी वस्ती आहे. तिथे डच आणि फ्रेंच यांची खिचडी झालेली एक बोली चाले. एर्जे यांची आजी ती बोले. त्यांनी तीच बोली घेतली, तिचे स्पेलिंग फिरवले आणि राजाच्या तोंडी, राज्याच्या ब्रीदवाक्यात, जंगलातल्या लोकांच्या संभाषणात बेमालूम घातली. पॅरिसच्या वाचकाला वाटले, काय अद्‌भुत परकी भाषा आहे! ब्रुसेल्सचा वाचक मात्र मोठ्याने वाचून पाही आणि हसून लोटपोट होई. कारण ती त्याच्या गल्लीतली कोळीण बोलत होती. १९३८-३९च्या त्या कथेत आजीची भाषा अशी सिंहासनावर जाऊन बसली.

इंग्रजी भाषांतरकारांनी हा विनोद ओळखला. जंगलातल्या त्या जमातीची भाषा त्यांनी लंडनच्या कष्टकरी वस्तीतल्या बोलीवरून रचली. एका गल्लीला दुसरी गल्ली, एका आजीला दुसरी आजी. उत्तम भाषांतर यालाच म्हणावे. बंगालीत १९७५पासून 'आनंदमेला'तून टिनटिन आला तो कवी नीरेंद्रनाथ चक्रवर्ती यांच्या हातून. आणि त्याच्या पांढऱ्या कुत्र्याचे नाव त्यांनी 'कुट्टुस' ठेवले. नाव ऐकताच कुत्रे कलकत्त्याच्या अंगणात आले की नाही?

फ्रान्सच्या 'ॲस्टेरिक्स'मध्ये तर हा खेळ कळसाला गेला. १९५९ साली सुरू झालेली ही मालिका रने गोसिनी आणि अल्बेर उदेर्झो यांची. एक बालपणी अर्जेंटिनात वाढलेला, दुसरा इटालियन आईबापांचा. म्हणजे दोघांनीही फ्रेंच भाषा थोडी बाहेर उभे राहून ऐकलेली. १९६६च्या पुस्तकात त्यांचे नायक ब्रिटनला जातात. तिथले लोक बोलतात फ्रेंच, पण वाक्याची घडण इंग्रजी! एखाद्या साहेबाने मराठीत 'मी आहे जात बाजाराला, तो नाही आहे का?' असे म्हणावे, तसे. आता हे पुस्तक इंग्रजीत न्यायचे कसे? अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज या भाषांतरकारांनी त्या ब्रिटनांना जुन्या खानदानी क्लबातल्या साहेबांची इंग्रजी दिली आणि पेच सोडवला. दोनच वर्षांनी, १९६८च्या पुस्तकात, ओव्हेर्न्य प्रांताचे लोक आले; ते 'स'च्या जागी 'श' म्हणतात. मी ते वाचले आणि थक्क झालो. 'मृच्छकटिका'तला शकार शेकडो वर्षांचा प्रवास करून फ्रान्सच्या डोंगरात पोहोचला होता! फरक एवढाच, की इथले श-कारवाले दुष्ट नव्हते. आपल्या कोबीच्या रश्श्यावर आणि आपल्या मातीवर जीव टाकणारी साधी माणसे होती. आणि अशा पुस्तकांत ॲस्टेरिक्सचे आपले गाववालेही हास्यास्पद ठरतातच. सगळ्यांना चिमटा, कोणालाच चाबूक नाही.

या सगळ्या वाचनातून मला एक साधी कसोटी मिळाली. फुग्यातली बोली पाहिली की विचारावे: ही बोली फक्त नोकराला आणि चोराला दिली आहे, की नायकालाही? लिहिणाऱ्याने ती कुंपणापलीकडून ऐकली आहे, की आजीच्या मांडीवर बसून? पहिली बोली डागणी देते, दुसरी ओळख देते. अक्षरे दोन्हीकडे सारखीच वाकडी असतात.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्या रंगभूमीने हे पूर्वीच ओळखले. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरणा'त मच्छिंद्र कांबळींच्या मालवणीला सारा महाराष्ट्र हसला. पण मालवणी माणूस पहिल्या रांगेत बसून हसला, त्याला मान खाली घालावी लागली नाही. आपल्या मराठी चित्रकथांत मात्र मी जे वाचले त्यात देव, राजे आणि वीर हे बहुतेक छापील पुस्तकी मराठीच बोलत आले. वऱ्हाडी बोलणारा वीर, अहिराणी बोलणारी राजकन्या, आगरी बोलणारा अंतराळवीर माझ्या संग्रहात अजून यायचा आहे.

आता ती पडवीतली गोष्ट पुरी करतो. आजीने प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या रात्री मी तोच अंक पुन्हा उघडला. थोडा रागानेच, म्हातारीची जिरवावी म्हणून. वेताळ चाच्यांच्या गलबतावर उडी घेतो ते पान आले आणि मी ओरडलो, "खंय पळतस रे? हयसर ये बघूया!" आणि चाच्यांना दिली गुरुजींची स्वच्छ, भारदस्त भाषा. पोरांची हसून मुरकुंडी वळली. पण दोन-तीन पाने उलटली आणि हसू ओसरले. सगळी पोरे पुढे सरकून ऐकू लागली. वेताळ गुहेत परतला, बुटक्या बांदर लोकांशी बोलला, घोड्याला थोपटून काही म्हणाला. आणि माझ्याही लक्षात आले, की घोड्याशी बोलायला मला शाळेची भाषा कधी सुचलीच नसती. आजी कुटायचे थांबली होती. म्हणाली, "आता बरा बोलता. आता तो आमच्यातलो वाटता."

आजी गेली त्याला फार वर्षे झाली. गुरुजींची भाषा मी इतकी चांगली शिकलो, की तिच्यावर पोट भरले आणि हा लेखही तिच्यातच लिहितो आहे. माझ्या मुलांना मालवणी कळते. बोलता येत नाही. नातीला कळतही नाही. ही खंत कोणावर ढकलण्याजोगी नाही, कारण घरात ती बोलायचे मीच सोडले.

गेल्या दिवाळीत पुण्याच्या घरी, फराळ आटोपल्यावर, नात एक इंग्रजी चित्रकथा घेऊन मांडीवर चढली. आठ वर्षांची आहे. मला म्हणाली, "आजोबा, वाचा ना. पण आवाज काढून!" पहिल्याच पानावर एक राक्षस होता आणि एक शूर मुलगी. क्षणभर जुनी सवय जिभेवर आली. राक्षसाला कोणता हेल द्यायचा ते ठरलेलेच होते. मग मी घसा खाकरला आणि त्या मुलीला माझ्या आजीचा आवाज दिला. नात चकित होऊन माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. पान संपल्यावर तिने एवढेच विचारले, "ही मुलगी कुठल्या गावची, आजोबा?"

मी गावाचे नाव सांगितले. मग तिने ते वाक्य स्वतः म्हणून पाहिले. हेल अगदीच चुकला. पण मी हसलो नाही.